गटचर्चेनंतर सगळे एकाच फॅक्टरवर: क्यू अभ्यासातली नेहमीची अडचण

क्यू पद्धतीत एखाद्या विषयावरची विधानं कार्डांवर लिहितात आणि माणूस ती 'अजिबात पटत नाही'पासून 'अगदी पटतं'पर्यंतच्या रकान्यांत मांडतो. ही मांडणी म्हणजे सॉर्ट. सारखी मांडणी करणाऱ्या माणसांचा गट म्हणजे फॅक्टर, एक मतप्रवाह. तक्रार साधारण अशी असते. गावात गटचर्चा रंगली, लोक मोकळेपणाने बोलले. चर्चा संपल्यावर तिथेच कार्डं वाटली आणि सगळ्यांनी सॉर्ट लावून दिले. आकडे पीक्यूमेथड किंवा केन-क्यू या सॉफ्टवेअरमध्ये घातले, तर पहिला फॅक्टरच सगळं खाऊन बसलेला. दुसऱ्यावर एखाद-दुसरा माणूस, तिसऱ्यावर कोणीच नाही. गाइड विचारतात, "मतप्रवाह शोधायला गेला होतात ना? मग हा एकच कसा?" आणि संशोधक बिचारा रोटेशनचे, म्हणजे फॅक्टर फिरवून चित्र स्पष्ट करण्याच्या गणिताचे, पर्याय बदलत बसतो. व्हॅरिमॅक्स (संगणकाने आपोआप फिरवणं) नको तर हाताने फिरवू, दोनाऐवजी चार फॅक्टर काढू.

रोटेशनने हे सुटत नाही. बिघाड बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या आधी, बैठकीच्या खोलीत झालेला असतो. मात्र तसं धरून चालू नये, तपासावं लागतं. एक फॅक्टर येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

उदाहरण डोळ्यासमोर असलेलं बरं. समजा, पुणे जिल्ह्यातल्या एका अवर्षणप्रवण गावात 'गावातलं पाणी कोणाला, कसं आणि कोणी वाटायचं' यावर अभ्यास चालू आहे. विषय मुद्दाम घेतला, कारण यात खरे मतभेद आहेत आणि त्यांना इतिहास आहे. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हतं, माणशी होतं: डोईमागे अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांनाही हक्क होता आणि उसाला मनाई होती. दुसरीकडे हिवरे बाजार पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं आणि त्यावर पिकं ठरवतं. तिसरीकडे 'माझी जमीन, माझं बोअर' म्हणणारा शेतकरी प्रत्येक गावात आहेच. अशा विषयावर अख्ख्या गावाचं एकमत निघालं, तर आधी शंका घ्यावी.

३६ विधानं आहेत असं धरू. पट (कार्डं मांडायचा तक्ता) उणे चारपासून अधिक चारपर्यंत, रकान्यांत कार्डं २, ३, ४, ५, ८, ५, ४, ३, २. पुढची सगळी आकडेमोड याच पटाची आहे.

आधी हे बघा: खरंच एकच फॅक्टर आहे का?

रोटेशनपूर्वीचा पहिला फॅक्टर बहुधा मोठाच असतो. सगळ्यांना थोडंफार समान वाटणारं जे असतं, ते तो ओढून घेतो. त्यामुळे नुसती आयगेनव्हॅल्यू (फॅक्टर किती मोठा ते सांगणारा आकडा) पाहून घाबरू नका. शिवाय आयगेनव्हॅल्यू माणसांच्या संख्येबरोबर वाढते, म्हणजे एकाच बैठकीतली आणखी दहा माणसं घातली तर ती फुगणारच. दोन-तीन फॅक्टर काढा, फिरवा आणि लोडिंग, म्हणजे प्रत्येकाचा सॉर्ट फॅक्टरशी किती जुळतो, ते बघा. ३६ विधानांसाठी १ टक्का पातळीवर अर्थपूर्ण लोडिंगची सीमा २.५८ भागिले ३६ चं वर्गमूळ, म्हणजे ०.४३. ५ टक्के पातळीवर १.९६ भागिले ६, म्हणजे साधारण ०.३३. फिरवल्यावर चार-पाच माणसं दुसऱ्या फॅक्टरवर ०.४३ च्या वर स्वच्छ बसत असतील, तर अडचण मुळात नव्हतीच.

उलटंही होतं. व्हॅरिमॅक्स एका मताचे दोन तुकडे करून देतं आणि आपण खुश होतो. म्हणून फॅक्टर अॅरेंचा (फॅक्टरमधल्या सॉर्टची सरासरी काढून केलेल्या नमुना-सॉर्टचा) आपसातला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही) न चुकता बघावा. तो ०.७-०.८ असेल तर ते दोन मतप्रवाह नाहीत. एकाच मताचे दोन सूर आहेत आणि प्रबंधात तसंच लिहावं.

मग सहसंबंधांचा तक्ता, बैठकीनुसार

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरं निदान इथेच होतं. सॉर्टचे क्रम बदला: पहिल्या बैठकीतले सगळे एकत्र, मग दुसऱ्या बैठकीतले, मग ज्यांनी एकट्याने घरी लावले ते. आता तक्त्यातले चौकोन बघा. एका बैठकीतल्या लोकांचे आपसातले सहसंबंध ०.७ च्या आसपास आणि त्याच लोकांचे बाहेरच्यांशी ०.३ असतील, तर तुम्ही मोजलेली गोष्ट मत नसून बैठक आहे.

किती साम्य म्हणजे फार झालं? याला एक चांगला मापदंड आहे. एकाच माणसाने काही दिवसांनी तोच सॉर्ट पुन्हा लावला तर दोन्हींतला सहसंबंध सर्वसाधारणपणे ०.८० धरतात. फॅक्टरची विश्वासार्हता काढताना सॉफ्टवेअरही हाच आकडा वापरतं. आता सुताराचा सॉर्ट आणि सरपंचाचा सॉर्ट यांच्यात ०.८५ येत असेल, तर दोन वेगळी माणसं एकमेकांशी इतकी जुळली आहेत जितका एकच माणूस स्वतःशी जुळतो. हे एखाद्या जोडीत होऊ शकतं. पंधरा जोड्यांत झालं तर कोणीतरी कोणाचं तरी बघून लावलंय, किंवा सगळ्यांनी मघाशी ऐकलेलं लावलंय.

सॉफ्टवेअर हाताशी नसेल तर हे कागदावरही काढता येतं. दोन सॉर्टमधल्या प्रत्येक विधानाच्या गुणांतला फरक घ्या, वर्ग करा, बेरीज करा. आपल्या पटात एका सॉर्टच्या वर्गांची बेरीज १६० येते, दोन सॉर्टची ३२०. फरकांच्या वर्गांची बेरीज ३२० ने भागून १ मधून वजा केली की सहसंबंध. बेरीज ६४ आली तर ०.८०. गावातून परतताना एसटीत बसल्या बसल्या दोन-चार जोड्या तपासता येतात. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीआधी हे कळलं तर पुढचं बरंच वाचतं.

तीन बैठका, तीन फॅक्टर

याच दुखण्याचा एक छुपा प्रकार आहे आणि तो जास्त घातक, कारण निकाल देखणा दिसतो. महिलांची बैठक वेगळी घेतली, तरुणांची वेगळी, बागायतदारांची वेगळी. प्रत्येक चर्चेनंतर लगेच सॉर्ट. विश्लेषणात तीन फॅक्टर आले आणि संशोधकाने आनंदाने नावं दिली: 'महिलांचा दृष्टिकोन', 'युवकांचा दृष्टिकोन', 'बागायतदारांचा दृष्टिकोन'. गाइडही खुश.

पण प्रत्येक बैठकीत एक जोरदार बोलणारी व्यक्ती होती, आणि फॅक्टर तिचे आहेत. बचत गटाच्या अध्यक्षबाई टँकरच्या हिशेबावर तावातावाने बोलल्या, मग टँकरचं विधान सगळ्या बायकांच्या अधिक चारमध्ये गेलं. पुरुषांची बैठक आधी झाली असती आणि तिथे टँकर निघाला असता, तर तेच विधान पुरुषांच्या अधिक चारमध्ये गेलं असतं. तपासायचा मार्ग सोपा आहे: त्या बैठकीला न आलेल्या चार-पाच बायकांकडून घरी जाऊन, एकेकीकडून सॉर्ट घ्या. त्यासुद्धा त्याच फॅक्टरवर ०.४३ च्या वर बसल्या तर नाव टिकलं. विखुरल्या तर नाव पुसा. मुळातच क्यूमध्ये फॅक्टरला जात, लिंग किंवा वयाचं नाव देण्याची घाई मला पटत नाही. कोण कोणाबरोबर बसतं हे आधी ठरवायचं नसतं, तेच तर शोधायचं असतं. विल्यम स्टीफन्सन यांनी १९३५ मध्ये 'नेचर'ला लिहिलेल्या छोट्याशा पत्रापासून ही पद्धत त्याच एका कल्पनेवर उभी आहे: चाचण्यांऐवजी माणसांचा परस्परसंबंध काढा. माणसांचे गट आपण आधीच पाडून, एकेका खोलीत बसवून, चर्चेने एकजीव करून दिले तर संगणकाला शोधायला काय उरलं?

विधानंच सपक असतील तर

कधी कधी चर्चा निर्दोष असते, सॉर्ट एकट्याने लावलेले असतात, तरी एकच फॅक्टर येतो. मग विधानांकडे बघा. प्रत्येक विधानाला सगळ्या सॉर्टमध्ये मिळालेल्या गुणांचं प्रमाण विचलन (गुण किती पसरले आहेत ते) काढा. 'पाणी हे जीवन आहे', 'पाण्याचा अपव्यय टाळला पाहिजे', 'पुढच्या पिढीचा विचार करायला हवा' अशी विधानं सगळ्यांच्या अधिक तीन-चारमध्ये असतील आणि 'पाणी संपलं तरी चालेल' सगळ्यांच्या उणे चारमध्ये, तर पटाची दोन्ही टोकं आधीच भरली. टोकाच्या गुणांचे वर्ग मोठे असतात, त्यामुळे सगळ्यांचे सहसंबंध आपोआप वर जातात. मधल्या रकान्यांत कितीही भांडण असू दे, ते दिसत नाही.

अशी विधानं गटचर्चेतूनच येतात, हा योगायोग नाही. चारचौघांत माणूस सभेला शोभेल असं बोलतो. ध्वनिमुद्रण ऐकून विधानं उचलली की सुविचारांची वही तयार होते. चर्चेतलं खरं सोनं मात्र संमतीच्या वाक्यांत नसतं. कोणीतरी मध्येच तोडतं, हसतं, "ते बोलायला ठीक आहे हो" म्हणतं, तिथे ते सापडतं. म्हणून कॉन्कोर्स, म्हणजे विधानं निवडण्यासाठीचा मतांचा साठा, जमवायला गटचर्चा जरूर घ्या, पण एकटीवर भिस्त ठेवू नका. बोअर मारणारा एजंट, टँकरचा ड्रायव्हर, पाणी सोडणारा कर्मचारी, दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारी बाई ही माणसं बैठकीत एक तर येत नाहीत किंवा बोलत नाहीत. त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोला. ग्रामसभेचं इतिवृत्त, स्थानिक वर्तमानपत्रातली पत्रं, व्हॉट्सअॅपवरची भांडणंसुद्धा कॉन्कोर्समध्ये चालतात.

नंतर निवड करताना एक चौकट आखा. आपल्या विषयात एका बाजूला 'कशाच्या आधारे वाटायचं': जमीन, माणशी, की पैसे. दुसऱ्या बाजूला 'कोण ठरवणार': ग्रामसभा, सरकार, की ज्याचा तो. नऊ घरं झाली, प्रत्येकात चार विधानं, एकूण ३६. घर रिकामं राहिलं तर कळतं की चर्चेत ती बाजू आलीच नाही. विधान लिहिताना किंमत आत घाला. 'पाणी समान वाटावं' याला कोण नाही म्हणेल? 'भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा हिस्सा मिळावा, मग बागायतदाराचा कमी झाला तरी चालेल' म्हटलं की हात थबकतो. 'उसाला बंदी नको, ज्याचं बोअर त्याने ठरवावं' हे बैठकीत कोणी मोठ्याने म्हणणार नाही, पण कार्डावर लिहिलेलं असेल तर उचलून अधिक चारवर ठेवणारे निघतात. कार्डाचा हा फायदाच आहे: वाक्य आपल्याला बोलावं लागत नाही, फक्त ठेवावं लागतं.

क्रम बदला

निदान 'चर्चेने मत घडवलं' असं निघालं, तर इलाज क्रमात आहे. चर्चा टाकून द्यायची नाही, तिची जागा हलवायची. आधी कॉन्कोर्ससाठी गटचर्चा, शक्यतो सॉर्ट लावणाऱ्यांपेक्षा वेगळ्या माणसांसोबत किंवा शेजारच्या सारख्याच परिस्थितीतल्या गावात. मग एकट्याने सॉर्ट आणि लगेच त्याची मुलाखत: टोकाची कार्डं तिथेच का ठेवली, हे विचारायचं. गावकऱ्यांची एकत्र चर्चा त्यानंतर.

'एकट्याने' याचा अर्थ प्रत्येकाच्या घरी जायलाच हवं असा नाही. शाळेच्या वर्गात दहा जणांना एकदम बसवून लावता येतं, मात्र एक बाक सोडून, प्रत्येकाचा पट वेगळा, कार्डं प्रत्येकाला वेगळी पिसून. मदतनिसांना बजावून ठेवा की विधानाचा अर्थ सांगायचा नाही, तेच विधान पुन्हा वाचायचं. 'म्हणजे काय ओ?' याचं उत्तर देताना मदतनिसाचं मत गळून पडतंच. आणि चहा शेवटी द्या. चहा आला की गप्पा सुरू, गप्पा सुरू झाल्या की पट शेजाऱ्याकडे सरकले.

वाचता न येणाऱ्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे. तिथे मोठ्याने वाचावंच लागतं, आणि ओट्यावर बसून वाचलं की सासूबाई, दीर, शेजारीण सगळे सॉर्ट लावायला येतात. अशा वेळी पहिली पायरी तेवढी काळजीने करा: एकेक कार्ड दोनदा, सपाट आवाजात वाचायचं आणि तीन ढिगांत टाकायला सांगायचं, पटलं, नाही पटलं, सांगता येत नाही. पटावर मांडताना प्रत्येक ढिगातली कार्डं पुन्हा वाचा. वेळ लागतो. लागू द्या. आणि घरातला पुरुष "तिला काय विचारता, मी सांगतो" म्हणाला तर त्याच्या हातात दुसरा पट द्या आणि दुसऱ्या मदतनिसाबरोबर अंगणात बसवा. भांडण टळतं आणि एक सॉर्टही मिळतो.

सगळ्यांनी मिळून एकच सॉर्ट लावला असेल

काही अभ्यासांत वेळ वाचवायला म्हणून प्रत्येक गटाकडून एक सॉर्ट घेतात: सहा जणांनी वाद घालत ३६ कार्डं लावायची. वाईट कल्पना नाही, ऐकायला तर फार मजा येते. बिघडतं कुठे, तर पाच गटांचे पाच सॉर्ट तीस माणसांचे म्हणून दाखवले जातात, किंवा गटाचा सॉर्ट माणसांच्या सॉर्टमध्ये मिसळून फॅक्टर काढले जातात. गटाचा सॉर्ट म्हणजे तडजोड. ती कदाचित गटातल्या एकाही माणसाची नसेल.

त्याचा उपयोग वेगळा आहे. फॅक्टर फक्त एकट्याने लावलेल्या सॉर्टमधून काढा. मग गटाचा सॉर्ट प्रत्येक फॅक्टर अॅरेशी ताडून बघा, वर सांगितलेल्या वर्गांच्या बेरजेनेच. बारा जणांत सात जण 'माणशी वाटप' फॅक्टरचे होते आणि गटाचा सॉर्ट मात्र 'ज्याचं बोअर त्याचं पाणी' या फॅक्टरशी ०.७ ने जुळतो, असं निघालं तर त्या खोलीत कोणाचं चाललं हे आकड्यात पकडलंत. पाण्याच्या राजकारणावरच्या प्रबंधात यापेक्षा चांगलं प्रकरण मिळणं कठीण.

चर्चेनंतरचेच सॉर्ट हातात आहेत, परत जाणं अवघड

फील्डवर्कचा निधी संपलाय, पाऊस सुरू झालाय, लोक पेरणीत आहेत. तेव्हा सगळं फेकून द्यायची गरज नाही. स्टीफन्सन यांच्या पद्धतीत सूचना ही फार ताकदीची गोष्ट आहे. तीच कार्डं, तोच माणूस, पण 'तुमचं मत' म्हणून लावायला सांगितलं तर एक चित्र, 'गावाने काय करावं असं सगळ्यांना वाटतं' म्हणून सांगितलं तर दुसरं. चर्चेनंतर लगेच लावलेला सॉर्ट या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा असतो. त्याला तसं मानून, आठ-दहा माणसांकडे एकेकट्याने परत जा आणि सूचना स्पष्ट देऊन सॉर्ट घ्या: "बैठकीत काय ठरलं ते बाजूला ठेवा. तुमच्या शेताचा, तुमच्या घराचा विचार करून लावा." मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे आधीची मांडणी हाताला आठवत नाही.

आता एकेका माणसाचे दोन सॉर्ट आहेत. दोन्हींत ०.८० च्या आसपास साम्य असेल तर तो माणूस बैठकीतही स्वतःचंच बोलला, आणि बहुतेकांचं असं निघालं तर तुमचा एक फॅक्टर खरा. शेवटी काही गावांत काही प्रश्नांवर खरंच एकमत असतं, ते नाकारण्याचं कारण नाही. साम्य ०.२-०.३ असेल तर सभेतलं मत आणि घरातलं मत वेगळं, आणि कोणत्या विधानांवर ते फाटतं हे बघितलं की विषयाची गाठ सापडते. दोन्ही सॉर्ट एकाच विश्लेषणात टाकायचे असतील तर टाका, पण मग ते माणसांचे नव्हे तर सॉर्टचे आकडे आहेत असं स्पष्ट लिहा. नाहीतर बाहेरचा परीक्षक विचारतो, "माणसं दहा आणि ओळी वीस कशा?"

सरपंच, संस्थेचा कार्यकर्ता किंवा गावातला शिक्षक तुम्हाला आवर्जून सांगेल की "आमच्या गावात दोन मतं नाहीत." त्याचाही सॉर्ट घ्या, दोनदा.

निकाल घेऊन गावात परत जाताना

गटचर्चेची सर्वांत चांगली जागा मला ही वाटते, आणि तिच्यातही अडखळायच्या जागा आहेत. छोट्या गावात फॅक्टर म्हणजे माणसं. 'दुसऱ्या फॅक्टरवर पाच जण' म्हटलं की ते पाच कोण हे दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं. म्हणून लोडिंगचे तक्ते नेऊ नका, फॅक्टरला 'ऊसवाले' वगैरे नाव देऊ नका. प्रत्येक फॅक्टरची चार-पाच टोकाची विधानं एका कागदावर, 'मी' म्हणून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी लिहा आणि कागदांना फक्त रंग द्या. हिरव्या कागदावरचा माणूस असं म्हणतो, पिवळ्यावरचा असं. लोक कागदाशी भांडतात, एकमेकांशी नाही.

सुरुवात सर्व फॅक्टरांत जवळपास सारखी बसलेल्या विधानांपासून करा. लोक दचकतात की इतकं सगळ्यांना मान्य आहे आणि तरी ते गावात होत नाही. मग वेगळेपण दाखवणाऱ्या विधानांकडे वळा. इथे जाणूनबुजून एक खबरदारी घ्या: एखाद्या कागदाची बाजू त्याच मताच्या माणसाने मांडू नये, उलट्या मताच्या माणसाला मांडायला सांगावी. बायकांची उपस्थिती हवी असेल तर ही बैठक महिला सभेलाच जोडून घ्यावी. ग्रामसभेत त्या मागे बसतात आणि मागेच राहतात.

या बैठकीत कोणी "तुम्ही आमचं चुकीचं लावलंय" म्हणालं, तर ती तक्रार नाही, माहिती आहे. त्याला कोरा पट द्या आणि पुन्हा लावू द्या, अर्थात वेगळ्या खोलीत.

व्हायवात हमखास येणारे दोन प्रश्न

"नमुना इतका लहान का, गटचर्चा घेऊन वाढवला का नाही?" क्यूमध्ये माणसं मोजायची नसतात, मतांच्या तऱ्हा ओळखायच्या असतात. तीस-चाळीस नीट निवडलेली माणसं भरपूर होतात, आणि चार माणसांनी ठरलेल्या फॅक्टरचीही विश्वासार्हता ०.८० च्या हिशेबाने ०.९४ येते. 'गावातल्या ६० टक्के लोकांना असं वाटतं' हे वाक्य मात्र प्रबंधात कुठेही नको.

दुसरा: "चर्चेचा परिणाम झाला नाही हे कशावरून?" याचं उत्तर पद्धतीच्या प्रकरणात आधीच असायला हवं. कोणती बैठक कधी झाली, कोणते सॉर्ट तिच्या आधीचे, कोणते नंतरचे, कार्डं कोणी वाचली, खोलीत आणखी कोण होतं, आणि बैठकीनुसार लावलेला सहसंबंधांचा तक्ता परिशिष्टात. प्रत्येक सॉर्टच्या सांकेतिक नावातच हे घाला: ब१ म्हणजे पहिल्या बैठकीनंतरचा, ए म्हणजे एकट्याने घरी लावलेला, ग म्हणजे गटाचा. सॉफ्टवेअरमध्ये नाव आखूड ठेवावं लागतं, तेवढ्यात हे बसतं.